लिफ्टर

थर्मलच्या चिमणीतनं धूर निघतो
तेव्हा परळीत कुणी मान वर करत नाही.
मुनीरचं तसंच होतं, वीस वर्षं.
तो बॉल उचलून द्यायचा, आम्ही मारायचो,
टाळ्या मारणाऱ्याला.

पेपरात एकदा फोटो आला, लातूरच्या फायनलचा.
मी हवेत, तोंड उघडं, हात मागं,
आणि डाव्या कडेला चार बोटं.
बाकीचा मुनीर कापला होता, जागा नव्हती म्हणून.
ते कात्रण त्याच्या पाकिटात आहे अजून.
काढून दाखवतो कुणालाही,
"मपली बोटं बघ कशी झ्याक आलीत."

आता एक्केचाळीस.
सात मॅच हरलो, लागोपाठ.
स्टँडसमोरच्या टपरीवर रोज पंचनामा:
संपला बे मुनीर.
उकिडवा बसला की उठायला भिंत लागती त्याला.
परवा माजलगावात पंचानं दोनदा डबल दिला.
मुनीरला! डबल!
गित्तेचं पोरगं हाय की एकोणीसचं,
त्याला कामून नाही खेळवत?
आणि मग सगळे माझ्याकडं बघतात,
कारण यादी माझ्या खिशात असते.

रात्री स्कोअरबुक उघडतो.
समासात बारीक रेघा मारायची मला खोड आहे.
माजलगावच्या मॅचला मागून त्याच्याकडं आलेले बॉल त्रेपन्न.
नीट डोक्यावर आलेले अकरा.
उरलेले त्यानं गोळा केले,
जाळीतनं, बाकड्याखालनं, पंचाच्या खुर्चीमागनं,
लग्न उरकल्यावर मांडवातल्या वाट्या
कुणीतरी एकटाच गोळा करत हिंडतो तसे.
याला कुठल्या रकान्यात लिहायचं?

पण तेवढ्यावर त्याला वाचवता येत नाही.
डबल खरा होता.
मी ऐकला.
बॉल बोटांत बसला की एकच आवाज येतो,
थापलेली भाकरी तव्यावर पडल्यासारखा.
परवा दोन आले.
उजवी करंगळी मागनं पोचली.

आणि एक गोष्ट टपरीवर बोललो नाही.
तो बॉल अजून तिथंच ठेवतो
जिथं दहा वर्षांपूर्वी माझा हात यायचा.
पोरं हातभर खालीच वारा मारून उतरतात,
त्याच्याकडं रागानं बघतात,
आणि बाहेर बाकावर
माझा खांदा आपोआप हलतो.
यात म्हातारं कोण झालंय,
बोटं, का ती जागा, का मी,
मला सांगता येणार नाही.

आज दिवस मावळताना ग्राउंडवर गेलो.
मुनीर खराट्यानं राख लोटत होता.
दोन दिवस झाडलं नाही तर पावलं उमटतात इथं.
कोळशाच्या ड्युटीवरनं थेट आलेला, नखं काळी,
बोटांना पांढरी पट्टी.
"लिहिली का यादी?"
पाच झालीत, म्हणलं.
तो पुढं झाडत गेला. रेघेपाशी थांबला.
"गित्तेचं लिही. पण सांग त्याला,
अंगठा आत घेतो तो. मोडंल एखाद दिवशी."
मग बराच वेळ खराट्याचाच आवाज.
"नायतर मपलं लिही.
तुपल्या मनानं."

तेवढ्यात लाइट गेली.
वीज जिथं बनते त्या गावात
लाइट गेली की कुणी शिवीसुद्धा देत नाही.
अंधारात त्यानं बॉल उचलला असावा.
वर फेकायचा, झेलायचा, पुन्हा वर,
दिसत काहीच नव्हतं.
मी पेनाचं टोपण दातात धरून कान दिला.

एक.
एक.
एक.

आणि मधेच कोळशाची मालगाडी आली.
अठ्ठावन्न वाघिणी.
सगळ्या मोजल्या.